इकडून जवळ पडेल

ओझरच्या माणसाला वळसा सहन होत नाही. यात त्याचा दोष नाही, गावाची आखणीच तशी आहे. एका अंगाला विमानतळाची सुमारे तीन किलोमीटरची धावपट्टी, गावाच्या पोटातून गेलेला मुंबई-आग्रा महामार्ग आणि उरलेल्या जागेत दोरी धरून लावलेल्या द्राक्षबागा. जिकडे बघावं तिकडे सरळ रेघा. वाकडीतिकडी वाहते ती एकटी बाणगंगा. पण वर्षातले बरेच महिने ती वाहण्याच्या भानगडीतच पडत नसल्यामुळे तिचं वळण कुणाला लागलेलं नाही.

महामार्गापलीकडे चहाची टपरी समोर दिसत असते. कायद्याने तिथे पोचायचं तर पुढे जायचं, पुलाखालून वळायचं आणि मागे यायचं. तेवढ्या वेळात चहा गार होतो, किंवा पाजणाऱ्याचा विचार बदलतो. म्हणून दुभाजकाला जिथे फट असेल तिथून माणूस, सायकल, शेळी आणि लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब आडवं पार होतं. विचारलं तर उत्तर एकच : ‘इकडून जवळ पडतं.’

महामार्गावर हे वाक्य म्हटलं तर फार तर शिव्या बसतात. डोंगरावर म्हटलं तर काय होतं, ते सांगायला मी आज बसलो आहे. बसलो आहे म्हणजे उशी घेऊन.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघे धोडपला निघालो. पहिले शेजारचे काका. काका मिगमध्ये होते. ओझरात हे वाक्य एवढंच पुरतं. इथला विमानांचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी निघाला. पुढे सुखोई आली, आणि २०२५च्या सप्टेंबरात हवाई दलाने शेवटच्या मिग-२१ लाही निरोप दिला. तरी लग्नपत्रिकेवरच्या पत्त्यात गाव अजून ‘ओझर मिग’च आहे. काका तपासणी खात्यात होते. ते स्वतः त्या विमानाच्या दहा वर्षं आधी निवृत्त झाले, आणि ‘मी असतो तर अजून चाललं असतं’ असं त्यांचं मत आहे. हल्ली तपासायला विमान नसल्यामुळे ते सोसायटीतले जिने, मंडईतले टोमॅटो आणि आमच्या घरचा चहा तपासतात.

दुसरे आबा. आबांची दोन एकर द्राक्षं काढणीला आलेली. फेब्रुवारीत बाग सोडून डोंगर चढणारा द्राक्षवाला आणि लग्नाच्या दिवशी क्रिकेट खेळायला जाणारा नवरदेव यांत फरक नाही. पण सौदा करणारा व्यापारी संध्याकाळी यायचा होता आणि घरी बसून त्याची वाट बघण्यापेक्षा डोंगर बरा, असं आबांना वाटलं. तिसरा माझा मेव्हणा. हा पुण्याला हिंजवडीत असतो. त्याच्या पायांत घोट्यापर्यंतचे खास बूट होते, पाठीला नळी असलेली पाण्याची पिशवी होती आणि मोबाइलमध्ये डोंगराचा नकाशा होता. चौथा मी. कुठल्याही सहलीत डबे उचलायला एक माणूस लागतो.

पिंपळगावचा टोलनाका ओलांडून वडाळीभोईपर्यंत पोचलो, तसा धोडप ओळखू यायला लागला. साताठशे डोंगरांत उभा केला तरी हा गडी लपायचा नाही. वर महादेवाच्या पिंडीसारखा कातळाचा सुळका, आणि त्याला लागून एक लांबलचक उभी भिंत. त्या भिंतीला मधेच चौकोनी खाच, जणू भाकरीचा घास कुणीतरी मोडून घेतलाय. भूशास्त्रातली माणसं अशा भिंतीला डाईक म्हणतात. लाव्हारस जमिनीच्या भेगेत शिरून उभ्याचा उभा थिजला, भोवतीचा मऊ खडक लाखो वर्षांत झिजून गेला आणि भिंत तेवढी उरली. साडेचार हजार फुटांहून उंच असा हा गड. नाशिक जिल्ह्यातले गड उंचीने मोजायला लागलं तर साल्हेरनंतर याचंच नाव घेतात.

‘सरळ आहे हो भिंत,’ काका गाडीतूनच म्हणाले. ओझरच्या माणसाची ही सर्वोच्च दाद.

वडाळीभोईला महामार्ग सोडून धोडांब्यावरून हट्टी. हट्टी हे पायथ्याचं गाव. तिथे ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या एका गृहस्थांना आम्ही वाट विचारली. त्यांनी हात नुसता उचलला. ‘मारुतीचं देऊळ लागंल. तिथून मळलेली वाट धरा. मधी ढोरवाटा फुटत्यात. त्या धरू नका.’

आम्ही माना डोलावल्या. मान डोलावणं हे ऐकल्याचं लक्षण नव्हे, हे कुठल्याही शिक्षकाला विचारावं.

मारुतीच्या देवळापर्यंत सगळं ठीक होतं. त्याच्या पुढे वाटेने जरा लांबचा हेलकावा घेतला, आणि मेव्हणा थांबला. त्याने मोबाइल काढला.

‘दाजी, ही वाट बघा कशी येड्यासारखी फिरलीये. सरळ झाडीतून घुसलो तर फक्त सहाशे मीटर. इकडून जवळ पडेल.’

झालं. तिघा ओझरकरांच्या कानांत एकदम धावपट्टी वाजली. मी नकाशात डोकावलो. सहाशे मीटरच्या त्या पट्ट्यात तपकिरी रेघा एकमेकींना अशा खेटून बसल्या होत्या, की नाशिक-सिन्नर बसमधली सोमवारची गर्दी आठवावी. अशा रेघा जितक्या जवळ तितका चढ उभा, हे मला शाळेत शिकवलेलं होतं. पण मेव्हण्याचा मान ठेवावा लागतो. शिवाय डबे माझ्या पाठीवर होते. सहाशे मीटर मलाही गोड वाटले.

धोडपची ही सातमाळा रांग म्हणजे मुख्यतः कातळ आणि वाळलेलं गवत. पण डोंगराच्या मधल्या पदरात, जिथे जरा माती टिकते, तिथे झाडी राहिलेली आहे. आम्ही घुसलो तो पट्टा सागाचा होता. सागाच्या जंगलातून चोरून चालता येत नाही, ही पहिली गोष्ट मला कळली. एकेक पान जेवणाच्या ताटाएवढं, वाळून पापड झालेलं. पाऊल टाकलं की पंगतीत पन्नास जणांनी एकदम पापड मोडावेत तसा आवाज. एकमेकांशी बोलायचं तर थांबावं लागे. दुसरी गोष्ट अशी, की ती ताटं एकावर एक रचलेली असतात आणि त्यांच्याखाली मुरूम असतो. पाय टाकला की वरचं ताट खालच्या ताटावरून निसटतं, आणि आपण वाढप्याच्या वेगाने खालच्या पंगतीत जातो. पंधरा मिनिटांत आम्ही तीस पावलं वर गेलो आणि वीस खाली आलो. मेव्हण्याच्या मोबाइलने मात्र सगळी पन्नास मोजली. संध्याकाळी त्याने ती अभिमानाने दाखवली.

कठीण लाकडाचं जंगल हे शब्द भूगोलाच्या पुस्तकात वाचून कळत नाहीत, कपाळ आपटलं की कळतात. माझं धावड्यावर आपटलं. धावडा म्हणजे ज्याच्या लाकडाचा कुऱ्हाडीला दांडा करतात, बैलगाडीला आस करतात. त्याचाच डिंक बाळंतिणीच्या लाडवांत जातो. इतकी वर्षं सौ.च्या वाटणीचे ते लाडू मी गुपचूप खाल्ले होते, त्याची वसुली झाली. पुढे खैर भेटला. याच्या गाभ्यापासून पानात घालायचा कात होतो, तो लाल रंग मला फार आवडतो; इथे त्याने तोच रंग माझ्या हातावर काढून दाखवला, आकडेबाज काट्यांनी. मग ऐन, ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. ऐन चांगलं झाड आहे. ऐनाने मला काही केलं नाही.

काकांची पद्धत वेगळी होती. आधाराला झाड धरायच्या आधी ते बोटाच्या पेराने त्यावर टकटक करत, कान लावत, एकदा हलवून बघत आणि मग ‘पास’ म्हणत. पास झालेल्या झाडाला चौघांनीही धरायचं. ‘रिजेक्ट’ झालं की पुढच्या झाडापर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. एकदा मला घाई झाली, काकांच्या तपासणीआधीच समोरच्या खोडाला मी दोन्ही हातांनी मिठी मारली. वर लालभडक फुलं होती, पान एक नव्हतं, फार देखणं झाड. काटेसावर होती. तिच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. काका मागून म्हणाले, ‘याला मी हातच लावला नसता.’

त्यानंतर घाणेरी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हे झुडूप बागेत शोभेला म्हणून अमेरिकेतून इकडे आणवलं. इंग्रज गेले. घाणेरीला कुणी कळवलेलं दिसत नाही. तिच्या आणि करवंदीच्या जाळ्यांमधून वाकून, रांगून आणि शेवटी सरपटून आम्ही एका गवताळ तुकड्यावर निघालो, आणि तिथे कुसळं होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण करणारा माणूस नक्की घरात बसून लिहीत असणार; डोंगरावर ते डोळ्यात नाही, मोज्यात जातं. आणि जातं कसं तेही बघण्यासारखं आहे. कुसळाच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो पीळ फिरू लागतो आणि पुढचा टोकदार दाणा स्क्रूसारखा जमिनीत शिरतो. गवताने आपलं बी पेरायची ही केलेली सोय. आता घामेजलेला मोजा आणि पावसाने भिजलेली जमीन यांतला फरक त्याला कुणी समजावायचा? आबांच्या दोन्ही पायांत त्या सकाळी जेवढी पेरणी झाली, तेवढी त्यांच्या शेतात कधी झाली नसेल.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तोवर मला मजा येत होती. मळलेल्या वाटेवर माणूस पुढच्याच्या टाचा बघत चालतो. इथे प्रत्येक पावलाला सभा भरत होती, ठराव येत होते, विरोध नोंदवले जात होते. आम्हा चौघांत इतकं बोलणं दिवाळीलाही होत नाही.

तेवढ्यात मेव्हणा ओरडला, ‘दाजी, हे बघा किती सॉफ्ट आहे!’

एका वेलीला चिंचेसारख्या वाकड्या शेंगांचे घोस लटकत होते, अंगावर सोनेरी मखमल. त्याने एका शेंगेवरून मायेने हात फिरवला. खाजकुइली. तिच्या बिया आयुर्वेदाच्या दुकानात शक्तीसाठी चांगल्या भावाने विकतात. शेंगेवरची लव मात्र फुकट आहे आणि वाऱ्यावरसुद्धा मिळते. पुढची दहा मिनिटं मेव्हण्याने जे केलं, त्याला नाच म्हणता येईल, पण कुठल्याही घराण्यात बसवता येणार नाही. आबांनी उपाय सांगितला : ओली माती किंवा शेण चोळायचं, खाजवायचं नाही, पाणी लावायचं नाही. त्याने आधी खाजवलं, मग नळीतून पाणी ओतलं, आणि मग माझ्या पाठीवरच्या पिशवीतून माझा टॉवेल ओढून मनगटापासून कोपरापर्यंत खसखसून पुसलं. मी टॉवेल घडी करून परत पिशवीत ठेवला. ही घडी लक्षात ठेवावी.

या नाचात दिशा हरवली. वर बघावं तर सागाचे बुंधे, खाली बघावं तर सागाचे बुंधे, आणि आभाळ ढगाळलेलं. पिंड दिसत नव्हती, भिंत दिसत नव्हती. मोबाइलमधला निळा ठिपका आमच्यापेक्षा गोंधळलेला होता. तो दरीपलीकडे जाऊन आमची वाट बघत होता. तरी आम्ही ‘सरळ’ चालत राहिलो. थोड्या वेळाने काकांना तीन दगड एकावर एक रचलेले दिसले. त्यांचा चेहरा उजळला.

‘खूण आहे! जुन्या लोकांनी केलेली. पेशवेकालीन असणार.’ त्यांनी दगड बोटाने वाजवून बघितले. ‘पास.’

पुढे आणखी एक चळत, मग आणखी एक. आम्ही उत्साहाने पेशव्यांच्या मागे निघालो. पाचव्या चळतीवर चिक्कीचा कागद दगडाखाली दाबलेला होता. मेव्हणा हळूच म्हणाला, ‘दाजी, ते मी ठेवलेत. परतताना वाट सापडावी म्हणून.’

पेशवाई तिथे संपली.

आमची आजी याला चकवा म्हणायची. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच वावरात फिरतो आणि पहाटे त्याच बांधावर सापडतो. त्यावर तिचा उतारा होता : खाली बसायचं आणि अंगातला सदरा उलटा करून घालायचा. तिला आम्ही हसायचो. पण २००९ साली जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना मोठ्या सपाट जंगलात सोडून सरळ चालायला सांगितलं आणि त्यांच्या वाटा उपग्रहाच्या साहाय्याने नोंदल्या. ऊन होतं तेव्हा माणसं बरीचशी सरळ गेली. ढगाळ हवेत गेलेली माणसं गोल गोल फिरली, आपलीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळे बांधून चालवलं तर काही जणांचे फेरे वीस मीटरांइतके लहान झाले. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, ही जुनी समजूतही त्यात टिकली नाही. सरळ म्हणजे कुठे, याचा आपल्या डोक्यातला अंदाजच हळूहळू कलतो. म्हणजे आजीचं निदान बरोबर होतं. उताऱ्याबद्दल त्या लेखात काही नाही. मी मात्र सदरा उलटा केला. चौघांत हसणारं कुणी उरलं नव्हतं.

‘बिबट्या असेल का हो इथे?’ मेव्हण्याने विचारलं.

‘त्याला काय करायचंय इथं?’ आबा म्हणाले. ‘बिबटे आमच्या निफाडच्या उसात सुखी आहेत.’

आणि त्याच क्षणी आबांचा फोन वाजला. गावात, गाडीत, मारुतीच्या देवळात ज्याला रेंज आली नव्हती, त्याला हरवल्या जागी चार कांड्या रेंज होती. व्यापारी. पुढची वीस मिनिटं आबा एका दगडावर उभे राहून, एका हाताने साग धरून, दराची घासाघीस करत होते. ‘कुठे आहात?’ असं पलीकडून विचारलं गेलं असावं, कारण आबा शांतपणे म्हणाले, ‘बागेतच आहे.’ चार बाजूंना झाडंच होती, तेव्हा हे खोटंही म्हणता येणार नाही. सौदा ठरला, चांगला ठरला. आम्ही तिथेच फतकल मारून डबे उघडले. हरवलेल्या माणसाला भूक जास्त लागते.

पहिली पोळी मोडली तोच वरून आवाज आला. ‘कोण हाये रं तिकडं?’

एक म्हातारी, डोक्यावर सरपणाची मोळी, पायांत प्लॅस्टिकची चप्पल. ती मुरमावरून अशी उतरली, की घरातल्या घरात स्वयंपाकघरातून ओसरीवर यावं.

‘लई वेळ ऐकते मी. पाला वाजतोय, वाजतोय. म्हटलं रानडुकरं असतील, तर जरा थांबावं.’

काकांनी घसा साफ केला. ‘आजी, आम्ही वाट सोडून आलो जरा. जंगलातून.’

आजी आमच्याकडे, मग पोळीभाजीकडे, मग माझ्या उलट्या सदऱ्याकडे बघत राहिली.

‘वाट कुठं सोडली? ही वाटच हाये. रोज सरपणाला येते मी हितून.’ तिने पायाने जागा दाखवली. ‘अन् तुम्ही मधोमध बसले. जरा सरका, मला जाऊ द्या.’

आम्ही डब्यांसकट सरकलो. नीट बघितलं तेव्हा खरंच सागाच्या पाल्याखालून हातभर रुंदीची एक पट्टी वळसे घेत उतरत होती. प्रत्येक वळसा बरोबर तिथे, जिथे मुरूम निसरडा होता. आजी पुढे, मोळी तिच्या डोक्यावर इंचभर न हलता, आणि तिच्या मागे आम्ही चौघे, झाडाझाडाला धरत. वाटेत ती झाडांची नावं घेत होती, म्हणजे झाडांच्या जातींची नाही. ‘ही आमच्या सासूची करवंद,’ ‘हितं धाकट्याची शेळी पडली होती.’ आम्ही ज्याला घनदाट अरण्य समजत होतो, ते तिच्या घराचं परसदार होतं. सात-आठ मिनिटांत मळलेली वाट लागली. तिथून नाशिकच्या कुठल्याशा क्लासची वीसेक पोरं मोबाइलवर गाणी लावून चढत होती. त्यांनी आमच्याकडे आदराने बघितलं. रक्त, माती आणि उलटा सदरा. त्यांना वाटलं, आम्ही मोठे गिर्यारोहक असणार.

गड वर छान आहे. दरवाजे, कातळात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी, गुहेतलं देवीचं ठाणं. ढग सरकले तेव्हा माचीच्या टोकावरून पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या आणि सप्तशृंगी अशी रांग दिसली. १७६८ साली याच धोडपपाशी थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात ठेवलं. काका-पुतण्यांचं भांडण महाराष्ट्राला नवीन नाही; पण त्यासाठी पुतण्याला पुण्याहून इथपर्यंत यावं लागलं होतं, हे त्या दिवशी मला विशेष वाटलं. आजच्यासारखं पत्रकार परिषद घेऊन भागत नव्हतं.

काकांनी त्या प्रसिद्ध भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘एवढी खाच सोडली तर पास.’

उतरताना आम्ही मळलेल्या वाटेवरून एक पाऊल इकडेतिकडे टाकलं नाही. घरी पोचलो तेव्हा आबांच्या बागेत व्यापाऱ्याची गाडी उभी होती. मेव्हणा रात्रीच्याच बसने पुण्याला गेला. मी पिशवी मोरीत ठेवून झोपलो, आणि सौ.ने सकाळी लवकर उठून, कुणावर न चिडता, पिशवीतला टॉवेल आठवड्याच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला.

मंगळवारपर्यंत ते कपडे सगळ्यांच्या अंगावर आले. मुलगी कॉलेजातून दुपारीच परत आली. आई पूजा अर्धी टाकून उठली. सौ. काहीच बोलत नव्हती, हे जास्त काळजीचं होतं. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला.

‘दाजी, पुढच्या रविवारी मार्कंड्या? मी नकाशा बघून ठेवलाय. मुळाणे बारीतून सगळे जातात, पण आपल्याला इकडून जवळ पडेल.’

फोन खांद्यावर दाबून धरून मी दाराच्या चौकटीला पाठ घासत होतो. चौकट सागाची आहे.